जुनी सेवा केव्हा बंद करावी? अमेरिकेतील अॅनालॉग भ्रमणध्वनीच्या निवृत्तीची कथा

नवे यंत्र आले की जुने आपोआप नाहीसे होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घरात वीज आली आणि कंदील माळ्यावर गेला. ट्रॅक्टर आला आणि नांगर गोठ्याच्या भिंतीला टेकला. परंतु माळ्यावरचा कंदील घरमालकाला हवा तेव्हा खाली काढून पेटविता येतो. दूरध्वनीचे तसे नाही. ग्राहकाच्या हातातील यंत्र कितीही सुस्थितीत असले, तरी दुसऱ्या टोकाचे केंद्र बंद होताच ते निरुपयोगी ठरते. तेव्हा अशी सेवा बंद करण्याचा निर्णय एकट्या ग्राहकाचा नसतो आणि एकट्या कंपनीवरही तो सोपविता येत नाही. जुनी सेवा कोणाच्या अनुमतीने बंद व्हावी, त्यासाठी किती मुदत असावी, आणि तिच्यावर अखेरपर्यंत अवलंबून राहिलेल्या माणसाची सोय कोणी पाहावी, हे प्रश्न तेथे उभे राहतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. २००२ ते २००८ या काळात पहिल्या पिढीच्या भ्रमणध्वनीला निरोप देताना या प्रश्नांची जी उत्तरे शोधण्यात आली, ती विज्ञानाच्या आणि नागरिकशास्त्राच्याही विद्यार्थ्याने समजून घेण्याजोगी आहेत.

नियम का झाला?

चालत्या मोटारीतून दूरध्वनी करण्याची सोय अमेरिकेत सेंट लुइस येथे इ. स. १९४६ मध्येच सुरू झाली होती. परंतु त्या पद्धतीत शहराच्या मध्यभागी एक उंच मनोरा असे आणि त्याच्या शक्तिमान लहरी सगळ्या शहरावर पसरत. एका मार्गिकेवर एक संभाषण चालू असले की शहरात इतर कोणालाही ती मार्गिका वापरता येत नसे. याचा परिणाम असा की, इ. स. १९७६ च्या सुमारास न्यूयॉर्कसारख्या महानगरात एका वेळी केवळ १२ संभाषणे होऊ शकत, आणि नव्या जोडणीसाठी नाव नोंदविलेल्यांची यादी फार मोठी होती.

या अडचणीवरील तोडगा बेल प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी इ. स. १९४७ मध्येच कागदावर मांडला होता. एका मोठ्या मनोऱ्याऐवजी शहरभर लहान मनोरे उभारावेत, प्रत्येकाची शक्ती बेताची ठेवावी, आणि मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांप्रमाणे शहराचे लहान लहान भाग पाडावेत, अशी ती कल्पना होती. या भागांना 'सेल' हे नाव मिळाले. एका सेलमध्ये वापरलेली मार्गिका शेजारच्या सेलमध्ये वापरता येत नाही; पण काही अंतरावरील सेलमध्ये तीच मार्गिका पुन्हा वापरता येते. मोटार एका सेलमधून दुसऱ्यात शिरली, की संभाषण न तुटता पुढील मनोऱ्याच्या स्वाधीन केले जाते.

ही कल्पना प्रत्यक्षात यायला सुमारे साडेतीन दशके लागली. अमेरिकेत तारा, दूरध्वनी आणि रेडिओ-लहरी यांच्यावर देखरेख करणारी संस्था म्हणजे इ. स. १९३४ च्या कायद्याने स्थापन झालेला केंद्रीय संदेशवहन आयोग होय. या आयोगाने इ. स. १९८१ मध्ये सेल्युलर सेवेचे नियम ठरविले. प्रत्येक भागात दोन कंपन्यांना परवाना द्यावा, आणि दोघींनीही एकच तांत्रिक पद्धती वापरावी, असे त्यांत म्हटले होते. त्या पद्धतीचे नाव 'अॅडव्हान्स्ड मोबाइल फोन सर्व्हिस', म्हणजेच संक्षेपाने 'अॅम्प्स'. एकच पद्धती सक्तीची करण्यामागे उघड कारण होते. न्यूयॉर्कमध्ये विकत घेतलेले यंत्र टेक्ससमध्येही चालले पाहिजे, आणि कंपनी बदलली म्हणून ग्राहकाला नवे यंत्र घ्यावे लागू नये. या नियमानुसार शिकागो येथे १३ ऑक्टोबर १९८३ रोजी देशातील पहिली व्यापारी सेल्युलर सेवा सुरू झाली. त्या दिवशी मोटारीतून केलेला पहिला समारंभपूर्वक दूरध्वनी जर्मनीत असलेल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या वंशजाला लावण्यात आला होता.

लहरींच्या जागेचा हिशेब

अॅम्प्स ही अॅनालॉग पद्धती होती. अॅनालॉग म्हणजे सदृश. बोलणाऱ्याच्या आवाजात जसे चढउतार होतात, तसेच चढउतार या पद्धतीत रेडिओ-लहरीच्या कंप्रतेत, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येत, घडविले जातात. ऐकणाऱ्याच्या बाजूचे यंत्र त्या चढउतारांवरून मूळ आवाज पुन्हा निर्माण करते. ही रीत सरळ आणि खात्रीची होती. पण तिला जागा फार लागे.

रेडिओ-लहरींचा पट्टा ही जमिनीसारखीच मर्यादित संपत्ती आहे. इ. स. १९८६ नंतर प्रत्येक कंपनीच्या वाट्याला २५ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा होता. त्याचा अर्धा भाग ग्राहकाकडून मनोऱ्याकडे आणि अर्धा मनोऱ्याकडून ग्राहकाकडे जाणाऱ्या लहरींसाठी होता. एका अॅनालॉग संभाषणाला प्रत्येक दिशेने ३० किलोहर्ट्‌झ जागा लागे. साडेबारा मेगाहर्ट्‌झ म्हणजे १२,५०० किलोहर्ट्‌झ. त्यांना ३० ने भागले असता ४१६ मार्गिका मिळतात. यांतील २१ मार्गिका नियंत्रणासाठी राखीव असत, उरल्या ३९५. शेजारच्या सेलना एकच मार्गिका देता येत नसल्यामुळे या मार्गिका सामान्यतः सात सेलच्या एका गटात वाटल्या जात. म्हणजे एका सेलच्या वाट्याला सुमारे ५६ मार्गिका आल्या. त्या सेलमध्ये एकाच क्षणी ५७ वा ग्राहक बोलू पाहील, तर त्याला थांबावेच लागे.

डिजिटल म्हणजे अंकीय पद्धतीत आवाजाचे प्रथम अंकांत रूपांतर होते. हे अंक दाटीवाटीने पाठविता येतात. इ. स. १९९० नंतरच्या काळात अमेरिकेत आलेल्या एका अंकीय पद्धतीत त्याच ३० किलोहर्ट्‌झच्या मार्गिकेवर तीन ग्राहकांना आळीपाळीने सेकंदाचे अतिसूक्ष्म हिस्से वाटून दिले जात. त्यामुळे तीन संभाषणे एकाच वेळी चालत आणि कोणालाही खंड जाणवत नसे. नवा मनोरा न उभारता वरील ५६ चा आकडा १६८ वर गेला.

अॅनालॉग पद्धतीत आणखी एक उणीव होती. योग्य ग्राहकयंत्र जवळ असलेल्या कोणालाही दुसऱ्याचे संभाषण ऐकता येई. इतकेच नव्हे, तर प्रत्येक दूरध्वनीचा ओळखक्रमांक उघडपणे हवेतून जात असल्यामुळे तो चोरून, दुसऱ्या यंत्रात घालून, भलत्याच माणसाच्या नावावर देयक चढविण्याचे प्रकार इ. स. १९९० नंतर बरेच वाढले होते.

आयोगाने इ. स. १९८८ मध्येच कंपन्यांना नव्या पद्धती वापरण्याची मोकळीक दिली होती. अट एवढीच की, अॅनालॉग सेवाही चालू ठेवली पाहिजे. परिणामी कंपन्यांना दोन्ही प्रकारची यंत्रसामग्री सांभाळावी लागली, आणि लहरींच्या पट्ट्याचा काही भाग घटत चाललेल्या अॅनालॉग ग्राहकांसाठी अडवून ठेवावा लागला. इ. स. २००२ पर्यंत बहुसंख्य ग्राहक अंकीय सेवेकडे वळले होते. तेव्हा इ. स. १९८१ चा नियम आता रद्द करावा, अशी कंपन्यांची मागणी होती.

श्रवणयंत्रातील घरघर

हिशेब इतका स्पष्ट असताना नियम ताबडतोब का रद्द झाला नाही? याचे उत्तर कानामागे लावल्या जाणाऱ्या एका लहानशा यंत्रात आहे.

चालू असलेल्या रेडिओजवळ भ्रमणध्वनी ठेवला असता, घंटी वाजण्यापूर्वी रेडिओतून टिकटिक किंवा घरघर ऐकू येई, हा अनुभव भारतातही अनेकांना आहे. श्रवणयंत्रात नेमके हेच घडे. आळीपाळीच्या अंकीय पद्धतीत प्रत्येक दूरध्वनी आपल्या वाट्याच्या क्षणापुरताच लहरी सोडतो आणि मग थांबतो. अशा रीतीने लहरींचे झटके एकामागून एक येत राहतात. वर सांगितलेल्या अमेरिकन पद्धतीत ते सेकंदाला ५० असत. युरोपात निघालेल्या आणि पुढे भारतातही आलेल्या 'जीएसएम' पद्धतीत ते सेकंदाला सुमारे २१७ असतात. मूळ रेडिओ-लहर सेकंदाला कोट्यवधी वेळा कंप पावते. ती माणसाला ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. पण ५० किंवा २१७ झटके हे मात्र मानवी कानाच्या टप्प्यातले आहेत. श्रवणयंत्रातील आवाज वाढविणारे सूक्ष्म भाग या झटक्यांना प्रतिसाद देतात, आणि कानात मोठी घरघर सुरू होते. तीत पलीकडच्या माणसाचे शब्द बुडून जातात.

अॅनालॉग पद्धतीत हा त्रास नव्हता, कारण तीत लहर अखंड चालू असे. बदले ती तिची कंप्रता. तिचा जोर नव्हे. झटके नाहीत म्हणून घरघरही नाही. म्हणजे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने मागासलेली ठरलेली सेवाच श्रवणयंत्र वापरणाऱ्या अनेक माणसांना उपयोगी पडणारी होती. अमेरिकेत इ. स. १९८८ च्या कायद्याने तारेच्या बहुतेक दूरध्वनींवर श्रवणयंत्राशी जुळते असण्याचे बंधन घातले होते. पण भ्रमणध्वनीला त्यातून सूट होती. जुनी सेवा बंद झाली असती, तर या माणसांना नवी सेवा विकत घेता आली असती. तिचा उपयोग मात्र करता आला नसता.

दुसरा गट होता तो केवळ संकटकाळासाठी जुना दूरध्वनी जवळ बाळगणाऱ्यांचा. वर्गणी भरली नसली तरी ९११ या क्रमांकावर केलेला दूरध्वनी कंपन्यांनी पुढे पोचवलाच पाहिजे, असा नियम होता. त्यामुळे वृद्धांना आणि घरातील छळाला तोंड देणाऱ्या स्त्रियांना सेवाभावी संस्था जुनी अॅनालॉग यंत्रे मोफत देत असत. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांच्या अंकीय पद्धती परस्परांशी जुळत नसत. सर्वत्र चालणारी समान पद्धती अशी अॅनालॉग हीच होती. खेड्यापाड्यांतील लांबलचक रस्त्यांवर मोटारीत बसविलेला तीन वॅट शक्तीचा अॅनालॉग दूरध्वनी जेथे पोचे, तेथे हातातल्या नव्या लहान यंत्राला कित्येकदा पोचता येत नसे.

अनुमती मिळाली, पण मुदतीसह

आयोगाने ऑगस्ट २००२ मध्ये निर्णय दिला. अॅनालॉग सेवेची सक्ती आता अनावश्यक झाली आहे, हे त्याने मान्य केले. कारण ज्या हेतूने ती घातली होती तो हेतू सफल झाला होता. परंतु सक्ती लगेच न उठविता पाच वर्षांनी उठवावी, असे ठरले. आदेश १८ फेब्रुवारी २००३ रोजी अमलात आला आणि १८ फेब्रुवारी २००८ ही अखेरची तारीख निश्चित झाली.

ही पाच वर्षे नुसती वाट पाहण्यासाठी नव्हती. जुलै २००३ मध्ये आयोगाने अंकीय भ्रमणध्वनीची सूट मर्यादित केली. काही नमुने तरी श्रवणयंत्रात घरघर न करणारे असलेच पाहिजेत, असे बंधन त्याने उत्पादकांवर आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांवर घातले, आणि त्यासाठी मोजमापाची रीतही ठरविली. अनेक श्रवणयंत्रांत तारेचे एक बारीक वेटोळे असते. ते दूरध्वनीतील चुंबकीय क्षेत्रावरून थेट आवाज घेते. या वेटोळ्याशी जुळणाऱ्या नमुन्यांसाठी वेगळी अट होती. मूळ आदेशात, घरघरीच्या कसोटीस उतरणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण निम्म्यावर नेण्याची तारीख १८ फेब्रुवारी २००८ हीच ठेवली होती. जुने दार ज्या दिवशी लावायचे, त्याच दिवसापर्यंत नवे दार पुरेसे रुंद झालेले असावे, असा या दोन आदेशांचा मेळ होता. पुढे इ. स. २००८ मध्ये या प्रमाणांत आणि तारखांत बदल करण्यात आले. पण तत्त्व कायम राहिले. उत्पादकांनी अंतःशलाकेची, म्हणजे अँटेनाची, जागा बदलून आणि तिच्या सभोवतालच्या क्षेत्राला आवर घालून बरीच सुधारणा केली. श्रवणयंत्रेही अशा उपद्रवाला दाद न देणारी बनू लागली.

मुदतवाढीचा अर्ज

मुदत संपत आली तेव्हा नवा प्रश्न निघाला, आणि तो माणसांच्या दूरध्वनींचा नव्हता; यंत्रांच्या दूरध्वनींचा होता. चोरी किंवा आग यांची सूचना देणारी गजर-यंत्रे अमेरिकेतील कोट्यवधी घरांत आणि दुकानांत बसविलेली होती. त्यांपैकी जवळजवळ दहा लाख यंत्रे अॅनालॉग रेडिओचा उपयोग करीत. त्यांतील बहुतेकांत तारेचा दूरध्वनी तुटल्यास दुसरा मार्ग म्हणून हा रेडिओ होता. काहींत मात्र तोच एकमेव मार्ग होता. प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवून भाग बदलावा लागणार होता. या उद्योगाने नोव्हेंबर २००६ मध्ये दोन वर्षांची मुदतवाढ मागितली.

आयोगापुढील पेच खरा होता. मुदतवाढ नाकारावी, तर एखाद्या घरी आग लागून सूचना न पोचण्याचा धोका. ती द्यावी, तर ज्या कंपन्यांनी शेवटच्या तारखेवर विश्वास ठेवून आपली योजना आखली त्यांच्यावर अन्याय. आणि एकदा वाढलेली मुदत पुन्हा वाढणार नाही याची खात्री कोणी द्यावी? आयोगाने जून २००७ मध्ये अर्ज फेटाळला. अखेरची तारीख इ. स. २००२ पासून सर्वांना ठाऊक होती, तेवढ्या काळात पर्यायी साधने बाजारात आली होती, आणि उरलेल्या काळातही बरेच काम करता येण्याजोगे होते, असा त्याच्या निर्णयाचा आशय होता. सेवा बंद करण्यापूर्वी शिल्लक ग्राहकांना आगाऊ सूचना दिली पाहिजे, ही जबाबदारी मात्र कंपन्यांवर टाकण्यात आली.

श्रवणयंत्र वापरणारा ग्राहक आणि गजर-यंत्रे बसविणारा उद्योग यांना मिळालेली ही वेगवेगळी वागणूक विचार करण्याजोगी आहे. पहिल्याच्या हाती उपाय नव्हता. नव्या दूरध्वनीची रचना बदलणे त्याच्या आवाक्यात नव्हते, म्हणून नियमाने त्याची बाजू घेतली. दुसऱ्याच्या हाती उपाय होता आणि वेळही होता. म्हणून नियमाने त्याला त्याच्या कर्तव्याची आठवण दिली.

असे असले तरी सर्वांचे नुकसान टळले असे नाही. जनरल मोटर्सच्या अनेक मोटारींत अपघातप्रसंगी आपोआप मदत मागणारी 'ऑनस्टार' ही यंत्रणा बसविलेली होती. त्यांतील अॅनालॉग यंत्रणांची सेवा इ. स. २००७ च्या अखेरीस थांबली. ज्या मोटारींतील यंत्रणा बदलता येण्याजोगी नव्हती, त्यांचे मालक या सेवेला कायमचे मुकले, आणि काहींनी न्यायालयाची पायरी चढली. दहापंधरा वर्षे चालणाऱ्या मोटारीत त्याहून अल्पायुषी सेवेवर अवलंबून असलेले यंत्र बसविणे धोक्याचे असते, हा धडा त्यांना महागात मिळाला.

शेवटचा दिवस आणि त्यानंतर

१८ फेब्रुवारी २००८ हा दिवस फारशा गाजावाजाशिवाय पार पडला. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आयोगाने त्या दिवशी अॅनालॉग सेवा बंद करण्याचा हुकूम दिला नव्हता. ती चालू ठेवण्याची सक्ती संपविली होती. मोठ्या कंपन्यांनी ती लगेच थांबविली. काही ग्रामीण कंपन्यांनी आपल्या ग्राहकांची गरज पाहून त्यानंतरही काही काळ ती चालू ठेवली. मोकळा झालेला पट्टा अंकीय सेवांच्या कामी आला.

भारतातील भ्रमणध्वनीला असा निरोप-समारंभ करावा लागला नाही. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतील दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले, तो देशातील पहिला मानला जाणारा भ्रमणध्वनीचा संवाद आरंभापासूनच अंकीय पद्धतीचा होता. परंतु निरोपाची वेळ भारतावरही आली ती तारसेवेच्या बाबतीत. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा शेवटच्या दिवशी तारघरांपुढे रांगा लागल्या होत्या.

अमेरिकेतही प्रश्न एकदाच सुटून थांबला नाही. ज्या अंकीय पद्धतींनी अॅनालॉगला मागे टाकले, त्याही कालांतराने जुन्या झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील एका मोठ्या कंपनीने तिसऱ्या पिढीची सेवा बंद केली, आणि त्यापूर्वी गजर-उद्योगाने मुदतवाढीची मागणी पुन्हा एकदा आयोगाकडे केली होती. आज नव्याने बसविले जाणारे प्रत्येक यंत्र उद्या याच वाटेने जाणार, हे निश्चित आहे.

तेव्हा जुनी सेवा केव्हा बंद करावी, या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रयोगशाळेत मिळत नाही. नवी पद्धती अधिक कार्यक्षम आहे, हे गणित तेथे सिद्ध होते. पण ते गणित सिद्ध झाल्यानंतर पाच वर्षे थांबून, कानामागच्या यंत्रातील घरघर प्रथम दूर करून, मग जुनी सेवा थांबविण्याची अनुमती देणे, हे समाजाचे काम आहे. पुढे जाणाऱ्या पंक्तीचा वेग तिच्या अग्रभागावरून मोजला जातो. तिची शिस्त मात्र शेवटचा माणूस पोचला की नाही, यावरूनच कळते.